ताकदीची बाटली, लोहाची बाटली

दिवाळी उलटली, भात खळ्यावरून घरात आलं की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत एक मागणी हमखास वाढते. ‘डॉक्टर, एक ताकदीची बाटली लावा.’ कापणी-झोडणीनं अंग मोडून आलेलं असतं, हातात चार पैसे असतात आणि वीटभट्टीवर निघायला आठ-दहा दिवस उरलेले असतात. डोळखांब, किन्हवली, धसई, टोकावडे, कुठंही बाजाराच्या दिवशी डोकावलं तर दवाखान्याच्या बाकड्यावर हाताला सुई लावून दोन-तीन माणसं आडवी झालेली दिसतात. बाटलीत पिवळं इंजेक्शन सोडलं की ती ‘ताकदीची’ होते. तांबडं सोडलं की आणखी थोडी महाग होते.

भातसानगरच्या धरणातून मुंबईला तिच्या एकूण पाण्यापैकी जवळजवळ निम्मं पाणी जातं. त्याच मुंबईत आता वातानुकूलित दालनांत, आरामखुर्चीत बसवून हीच बाटली काही हजार रुपयांना लावली जाते. तिथं तिचं नाव ‘वेलनेस ड्रिप’. कुणाला तजेला हवा असतो, कुणाला प्रतिकारशक्ती, कुणाला लग्नाआधी उजळ कांती, कुणाला रात्रीच्या पार्टीचा उतारा. खुर्ची आणि दर सोडले तर भट्टीवर निघालेल्या मजुराच्या बाटलीत आणि या बाटलीत फरक फार थोडा आहे.

आधी बाटलीत असतं काय ते पाहू. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे पाच चमचे, जेमतेम १०० कॅलरी. नाचणीची एक बेताची भाकरी याहून जास्त ऊर्जा देते, शिवाय सोबत थोडं लोह आणि बरंच कॅल्शियम देते. ‘नॉर्मल सलाइन’च्या अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं आणि ऊर्जा शून्य. पिवळा रंग बी-२ जीवनसत्त्वाचा, तांबडा बी-१२ चा. बी गटातली बहुतेक जीवनसत्त्वं आणि सी जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारी असतात. शरीराला हवं तेवढं ते ठेवून घेतं आणि उरलेलं मूत्रपिंडं काही तासांत बाहेर टाकतात. बाटली लावल्यानंतर लघवी हळदीसारखी पिवळी होते, ती त्यामुळंच. अनेकांना तो ‘औषध लागू पडल्याचा’ पुरावा वाटतो. प्रत्यक्षात दिलेल्या पैशांचा मोठा भाग असा वाहून गेलेला असतो.

तरीही माणसाला बरं वाटतं, आणि ते खोटं नसतं. दिवसभर उन्हात राबलेल्या, पुरेसं पाणी न प्यालेल्या माणसाच्या शरीरात अर्धा लिटर पाणी गेलं की चक्कर थांबते, डोकं हलकं होतं. घरी कधी न मिळणारी तासाभराची विश्रांती त्याला बाकड्यावर मिळते. शिवाय काही ठिकाणी त्याच बाटलीत न सांगता वेदनाशामक किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन सोडलेलं असतं. त्यानं अंगदुखी दोन दिवस पळून जाते आणि भूक लागते. मग माणूस पुढच्या वेळी तोच दवाखाना शोधत येतो. स्टेरॉइडनं साखर वाढते, पोटात व्रण होतात, दबलेला क्षयरोग डोकं वर काढतो. पण हे सगळं पुढं कधीतरी घडतं, आणि त्याचा धागा त्या बाटलीशी कुणी जोडत नाही.

शहरी ‘ड्रिप’ची कुळकथा अमेरिकेतली आहे. बाल्टिमोरचे जॉन मायर्स नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, बी गटातली जीवनसत्त्वं आणि सी जीवनसत्त्व शिरेतून देत असत. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा नेमकं प्रमाण लिहिलेलं कुठं सापडलं नाही. त्यांच्या रुग्णांवर पुढं उपचार करणाऱ्या अ‍ॅलन गॅबी या डॉक्टरांनी आपल्या अंदाजानं कृती बसवली आणि २००२ मध्ये ती छापली. आज जगभर विकलं जाणारं ‘मायर्स कॉकटेल’ ते हेच. निरोगी माणसाचा थकवा यानं जातो असं दाखवणारा भक्कम पुरावा आजवर पुढं आलेला नाही. २०१८ मध्ये टेक्सासमधल्या एका ड्रिप कंपनीनं कर्करोगापासून हृदयविकारापर्यंत सगळ्यावर या बाटल्यांचे दावे केले, तेव्हा अमेरिकेच्या व्यापार आयोगाला तिच्यावर कारवाई करावी लागली.

मग जीवनसत्त्वं शिरेतून देण्याची गरज कधीच नसते का? असते, पण ती आजारी माणसाची गरज असते. ज्याचं आतडं काम करत नाही, ज्याला उलट्यांमुळं दिवसेंदिवस अन्न टिकत नाही, अशांना ती द्यावीच लागतात. आणि एक उदाहरण या भागात विशेष महत्त्वाचं आहे. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्या आणि जेवण टाळणाऱ्या माणसाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा, म्हणजे थायमिनचा खडखडाट असतो. तो गळून पडला म्हणून घरचे त्याला उचलून आणतात आणि समोरचा माणूस घाईनं ग्लुकोजची बाटली लावतो. साखर जाळायला थायमिन लागतं. उरलंसुरलं थायमिनही त्यात खर्ची पडलं तर मेंदूला इजा होते. नजर फिरते, तोल जातो, माणूस बरळू लागतो, कधी स्मृती कायमची जाते. अशा रुग्णाला आधी किंवा ग्लुकोजसोबतच थायमिन द्यायचं असतं. ताकदीची म्हणून लावलेली साखरेची बाटली त्याच्यासाठी घातक ठरू शकते. मधुमेह असल्याचं ठाऊकच नसलेला माणूस, मूत्रपिंडं किंवा हृदय दुबळं झालेला म्हातारा, यांच्या बाबतीतही ‘बाटलीनं काय होतंय’ हे म्हणणं महागात पडतं.

सुईचा धोका वेगळाच. २००२-०३ च्या सुमारास देशभर झालेल्या एका पाहणीत भारतात वर्षाला ३ अब्जांहून अधिक इंजेक्शनं दिली जातात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक असुरक्षित असतात, असं आढळलं होतं. डिस्पोजेबल सिरिंज आता सगळीकडं पोचल्या आहेत. तरीही २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या बांगरमऊला एकाच सुईनं इंजेक्शनं देत फिरणाऱ्या भोंदू डॉक्टरमुळं चाळीसहून अधिक लोकांना एचआयव्हीची लागण झाल्याचं उघड झालं. सुई आपल्यासमोर पाकिटातून फोडायला सांगणं, यात लाजण्यासारखं काही नाही.

लोहाची बाटली मात्र वेगळ्या जातीची आहे. तिचा रंग काळपट तपकिरी. ती ताकदीसाठी नसते, आजारासाठी असते. आणि ती ज्यांना खरोखर हवी असते, त्यांतल्या पुष्कळ बाया ताकदीची बाटली लावून घरी गेलेल्या असतात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. गरोदर बायकांत हे प्रमाण जवळजवळ ४६ टक्के होतं, तर पाच वर्षांखालच्या मुलांत जवळजवळ ६९ टक्के. हे राज्याचे आकडे झाले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वस्त्यांवर आषाढ-श्रावणात जाऊन आशाताईच्या मागं मागं फिरलं तर आकडे वाचायची गरज उरत नाही. पापण्यांच्या आतली फिकट कड, पांढुरके तळवे, चढ चढताना दर दहा पावलांवर थांबणारी पोटुशी बाई. तिला विचारलं तर ती म्हणते, ‘अशक्तपणा हाय.’

लोहाचा हिशेब शरीर कंजूष सावकारासारखा ठेवतं. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण लोह तीन-चार ग्रॅम, म्हणजे दोन खिळ्यांइतकंही नाही. नव्या तांबड्या पेशी बनवायला रोज २० ते २५ मिलिग्रॅम लागतं आणि ते जवळजवळ सगळं जुन्या पेशी मोडून परत मिळवलं जातं. अन्नातून रोज फक्त एक-दोन मिलिग्रॅम आत घेतलं जातं, कारण जादा झालेलं लोह बाहेर टाकायची वाटच शरीरात नाही. ते रक्तस्रावानंच जातं. दर महिन्याची पाळी, लागोपाठची बाळंतपणं, भातलावणीत अनवाणी चिखलात उतरल्यावर तळव्यातून शिरणारे आकडीचे कृमी. हे कृमी आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितात. एका गरोदरपणाला सुमारे १,००० मिलिग्रॅम जादा लोह लागतं. आधीच रिकाम्या कोठारातून ते यायचं कुठून?

या प्रश्नाचा एक धागा मुंबईतच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका तीव्र रक्तक्षयानं का दगावतात, याचा शोध तिला घ्यायचा होता. त्यांच्या तांबड्या पेशी फुगलेल्या, नेहमीपेक्षा मोठ्या असत. जंतू शोधून झाले, मग तिनं त्यांच्या ताटाकडं पाहिलं. शेवटी ‘मार्माइट’ नावाच्या, पावावर लावायच्या स्वस्त यीस्टच्या अर्कानं बायका झपाट्यानं सुधारताना तिला दिसल्या. १९३१ मध्ये तिनं ते प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी पदार्थ पुढं १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि त्याला फोलिक अ‍ॅसिड हे नाव मिळालं. आज उपकेंद्रात मिळणाऱ्या तांबड्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोहासोबत जे ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड असतं, त्याची मुळं परळला आहेत. सगळा रक्तक्षय लोहाचा नसतो, हेही या कथेतून ध्यानात राहतं. फोलिक अ‍ॅसिडइतकीच बी-१२ ची उणीवही पेशी फुगवते. पिढ्यान्‌पिढ्या माळ घातलेल्या, मांस-मासळी सोडलेल्या आणि दूधही बेतानंच मिळणाऱ्या घरांत ती बरीच दिसते. तिथं तांबडं इंजेक्शन खरंच औषध असतं, पण तपासणी करून, ठरलेल्या मात्रेत आणि स्नायूत.

तांबडी गोळी मोफत मिळते, तरी कोपऱ्यात पडून राहते. ती घेतली की मळमळतं, शौचाला काळी होते, पोट धरतं. मग ‘गोळीनं मूल काळं होतं’, ‘मूल मोठं होऊन अडतं’ अशा समजुतींना जोर येतो. दोन्ही साफ खोट्या आहेत. घेण्याच्या पद्धतीतही चूक होते. गोळी कोऱ्या चहासोबत घेतली तर चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेतली तरी शोषण घटतं, आणि गरोदर बाईला दोन्ही गोळ्या एकाच हातानं दिल्या जातात. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत किंवा आवळा चघळत घ्यावी. कॅल्शियम सकाळी आणि दुपारी. कृमींची गोळीही घ्यायची, गरोदरपणात पहिले तीन महिने टळल्यावर.

गोळीनं भागत नाही तिथं शिरेतून लोह. २०१८ पासून राबवल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात याची पायरी ठरलेली आहे. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ ते ११ च्या दरम्यान असेल तर रोज दोन गोळ्या आणि दर महिन्याला तपासणी. महिनाभरात ते एक ग्रॅमनंही चढलं नाही, बाई गोळ्या घेऊच शकत नसेल किंवा दिवस भरत आल्यावर नोंद झाली असेल तर शिरेतून लोह. ५ ते ७ च्या दरम्यान असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शिरेतून लोह, आणि शेवटचे तीन महिने सुरू असतील तर थेट भरती. ५ च्या खाली गेलं तर रक्तच चढवावं लागतं. पहिल्या तीन महिन्यांत शिरेतून लोह देत नाहीत.

मात्रा वजनावर आणि तुटीवर ठरते. ४५ किलो वजनाच्या बाईचं हिमोग्लोबिन ७ वरून ११ वर न्यायचं असेल तर वजन गुणिले चार गुणिले २.४ म्हणजे ४३२, त्यात कोठार भरायला ५०० मिळवायचे. साधारण ९३० मिलिग्रॅम झाले. ‘आयर्न सुक्रोज’ एका वेळी २०० मिलिग्रॅम देतात, म्हणजे दिवसाआड पाच फेऱ्या. पाड्यावरून पाच वेळा जीप करून, मजुरी बुडवून, कडेवरचं मूल घेऊन येणं किती जणींना जमतं? तिसऱ्या फेरीनंतर पुष्कळ जणी येत नाहीत, आणि त्याला बेफिकिरी म्हणणं अन्यायाचं आहे. ‘फेरिक कार्बोक्सिमाल्टोज’ हे दुसरं औषध वजनाच्या मानानं १,००० मिलिग्रॅमपर्यंत एकाच बैठकीत, पंधरा-वीस मिनिटांत जातं. ते महाग आहे, पण फेऱ्यांचा खर्च धरला तर या दोन तालुक्यांच्या भूगोलाला तेच सोयीचं. ते वरचेवर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हाडं दुखू लागतात, एवढं लक्षात ठेवावं लागतं.

हे चमत्काराचं औषध नाही, तेही सांगायला हवं. मलावी आणि नायजेरियात गरोदर बायकांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांत शिरेतलं लोह मिळालेल्या गटात लोहाची उणीव कमी राहिली, पण रक्तक्षयाचं एकूण प्रमाण गोळ्या घेणाऱ्या गटाच्या फारसं खाली गेलं नाही. गोळी नियमित पोचते आणि घेतली जाते तिथं सुईची घाई नको, असा त्याचा अर्थ होतो. जिथं गोळी पोचत नाही, दिवस थोडे उरलेत आणि हिमोग्लोबिन साडेसहा आहे, तिथं गणित बदलतं.

ते का बदलतं हे कसाऱ्याच्या डोंगरातल्या किंवा माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरून पाहावं. बाळंतपणात पाव ते अर्धा लिटर रक्त प्रत्येकीचं जातं. अकरा हिमोग्लोबिनची बाई ते सोसते. सहाची बाई त्याच स्रावात कोसळते, आणि स्राव थोडा जास्त झाला तर हातात फार वेळ नसतो. मुरबाडला रेल्वे नाही. पावसात वस्तीवरून रस्त्यापर्यंत झोळीत घालून आणायचं, तिथून शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय, तिथून अनेकदा उल्हासनगर किंवा ठाणे. सातव्या महिन्यात अंगात गेलेलं लोह या प्रवासात तिच्या कामी येतं.

मात्र ही बाटली बाकड्यावर लावायची नाही. जुन्या ‘आयर्न डेक्स्ट्रान’नं जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होत असे. नव्या औषधांत ती फार विरळा आहे, पण शून्य नाही. म्हणून अ‍ॅड्रिनलिन, प्राणवायू आणि ते वापरता येणारा माणूस हजर असेल तिथंच ती लावायची, आणि संपल्यावर अर्धा तास बाईला बसवून ठेवायचं. चेहरा लाल होणं, छातीत दडपल्यासारखं वाटणं, पाठ धरणं हे कधी कधी होतं आणि बाटली थांबवली की बहुधा ओसरतं. सुई शिरेबाहेर सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो, तो वर्षानुवर्षं जात नाही. अंगात ताप असेल, जंतुसंसर्ग चालू असेल, तेव्हा लोह देत नाहीत, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं.

दुसरी खबरदारी आदिवासी भागात विसरून चालणार नाही. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाच्या वाहकाचंही हिमोग्लोबिन कमी असू शकतं. लोहाचं कोठार भरलेलं असताना केवळ आकडा पाहून शिरेतून लोह ओतलं तर ते यकृतात आणि हृदयात साचत राहतं, कारण बाहेर जायची वाट नाही. सिकलसेलची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही आहे. ‘जी-६-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना तर शहरी ड्रिपमधलं सी जीवनसत्त्वाचं मोठं प्रमाणही तांबड्या पेशी फोडणारं ठरतं.

बाटली लावून घेणाऱ्या मजुराला हसण्यात मात्र अर्थ नाही. सरकारी बाह्यरुग्ण विभागात त्याच्या वाट्याला दोन मिनिटं येतात आणि गोळ्यांची पुडी. बाटलीवाला त्याला तासभर झोपवतो, नाव घेऊन चौकशी करतो. गावातल्या चांगल्या डॉक्टरनं बाटली नाकारली तर रुग्ण समोरच्या दारात जातो, हेही तितकंच खरं. निदान बाटली मागणाऱ्या प्रत्येक बाईची पापणी खाली ओढून पाहिली आणि हिमोग्लोबिन तपासलं, तरी तिथल्या तिथं अनेक जणी योग्य वाटेला लागतील.

भट्टीवर निघणाऱ्या गरोदर बाईची तपासणी त्यामुळं निघण्याआधी व्हायला हवी. आठ दिवस हातात असतात तेवढ्यात लोहाची बाटली लागू शकते. ती चालू असताना लोहाची गोळी थांबवतात, फोलिक अ‍ॅसिड चालू ठेवतात. रक्त चढू लागायला आठवडा-दीड आठवडा लागतो आणि चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तोवर ती भिवंडी किंवा कल्याणच्या बाजूला पोचलेली असते. तिथल्या सरकारी दवाखान्यात तिचं माता-बाल कार्ड चालतं. कोणत्या तारखेला कोणतं लोह किती मिलिग्रॅम दिलं, हे त्यावर स्वच्छ अक्षरात लिहून घ्यावं आणि कार्ड भाताच्या कणगीत न ठेवता सोबत न्यावं.